दोघे उरल्यावर: छोट्या पोकर स्पर्धांतील ऑल-इनचा आढावा

छोटी पोकर स्पर्धा कुठेही भरवा, तिचा शेवट बहुधा एकाच ठिकाणी येऊन ठेपतो. आठ-नऊ जण बसलेले असतात, एकेक गळत जातो आणि टेबलावर दोघेच उरतात. तोवर सक्तीच्या बोल्या इतक्या चढलेल्या असतात की कमी चिप्सवाल्याकडे पाच-सात बोल्यांपुरताच ऐवज राहतो. हातात दोन पत्ते येतात. सगळे पुढे सारायचे (ऑल-इन) की पत्ते टाकायचे (फोल्ड), एवढाच निर्णय उरतो असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते की एवढ्या थोड्या चिप्सवरही खेळायला जागा असते आणि सगळे पुढे सारणे म्हणजे खेळ सोडून देणे. या वादाला तीसेक वर्षे झाली. मधल्या काळात गणितज्ञ, संगणकवाले आणि मुरलेले खेळाडू यांनी त्यातला बराच भाग सोडवला, काही भाग मात्र अजून तसाच आहे. आपल्याकडे त्याला कायद्याचेही एक अंग आहे.

कार्ल्याचे टेबल

कार्ले-मळवली-भाजे हा पट्टा मुंबई आणि पुणे दोन्हीकडून यायला सोयीचा. एकवीरेच्या दर्शनाला आणि लेण्यांना येणारी गर्दी वेगळी आणि शनिवार-रविवार बंगला घेऊन राहणारे मित्रांचे गट वेगळे. पावसाळ्यात एकदा धो धो सुरू झाले की बाहेर पडता येत नाही आणि पत्ते निघतात. पूर्वी मेंढीकोट, रमी, तीन पत्ती चाले. गेल्या काही वर्षांत त्यात टेक्सस होल्डम पोकरची भर पडली. पैसे न लावता, निव्वळ चिप्सवर, जिंकेल तो पहिला अशी स्पर्धा आठ जणांत सहज लागते.

खेळाची रचना थोडक्यात अशी. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. टेबलावर पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, मग शेवटचा एक. सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा जुळाव वरचढ, त्याचा पॉट, म्हणजे डावात जमलेल्या सगळ्या चिप्स. पत्ते वाटण्याआधी दोघांना सक्तीची बोली ठेवावी लागते, छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड. ठरलेल्या मिनिटांनी हे ब्लाइंड चढतात आणि ही चढण्याची गतीच सगळे ठरवते. समजा आठ जणांना प्रत्येकी 1,000 चिप्स दिल्या आणि 10-20 च्या ब्लाइंडने सुरुवात केली. प्रत्येकाकडे 50 मोठे ब्लाइंड आहेत, म्हणजे ऐसपैस खेळता येईल. पण संध्याकाळी मळवलीहून लोकल पकडायची असते, किंवा जेवण गार होत असते, म्हणून यजमान बारा-बारा मिनिटांच्या पातळ्या ठेवतो. नवव्या पातळीला, दीड तासाच्या पुढे-मागे, ब्लाइंड 300-600 होतात. टेबलावर एकूण चिप्स 8,000 च. दोघे उरले की दोघांचे मिळून तेरा-साडेतेरा मोठे ब्लाइंड भरतात, आणि ज्याच्याकडे कमी त्याच्याकडे पावणेसातपेक्षा जास्त असूच शकत नाहीत.

हा आकडा मुद्दाम घेतला आहे. नेमक्या याच आकड्यांवर पोकरच्या गणितातला एक महत्त्वाचा शोधनिबंध उभा आहे.

गणित इथवर कसे आले

पत्त्यांच्या खेळात थाप मारणे हा स्वभावाचा भाग नसून गणिताचा भाग आहे, हे एमिल बोरेल आणि जॉन फॉन नॉयमन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले. फॉन नॉयमन यांचा पाया घालणारा लेख 1928 चा. ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबरच्या त्यांच्या 1944 च्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा आहे. 1950 साली जॉन नॅश यांनी आपल्या प्रबंधात तिघांच्या सोप्या पोकरचे उदाहरण घेतले. दोन्ही बाजूंनी अशा चाली ठरवायच्या की एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होऊ नये. याला आज आपण नॅश समतोल म्हणतो, आणि पोकरच्या क्लबांत 'नॅश' हा शब्द ज्या तक्त्यासाठी वापरतात त्याचे मूळ इथे आहे.

खेळाडूंच्या बाजूनेही काम चालू होते. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी कच्च्या खेळाडूला तगड्यांसमोर टिकता यावे म्हणून फक्त ऑल-इन किंवा फोल्ड अशी एक पद्धत सुचवली. बॅकगॅमनचे खेळाडू पॉल मॅग्रिएल यांनी 'एम' हे माप दिले: आपल्या चिप्स भागिले एका फेरीचा सक्तीचा खर्च. डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांनी ते घरोघर पोहोचवले. एम पाचाच्या खाली गेला की खेळाडू लाल पट्ट्यात आला, आता ऑल-इन हेच त्याचे हत्यार, असे ते सांगतात. 2006 मध्ये बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या पुस्तकात दोघांच्या ऑल-इन-फोल्ड खेळाचे उत्तर छापून आले.

पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचे पीटर ब्रो मिल्टरसन आणि ट्रोल्स ब्येर सॉरेन्सन यांनी तो निबंध मांडला. त्यांनी 8,000 चिप्स आणि 300-600 चे ब्लाइंड घेतले. त्या काळच्या एका मोठ्या ऑनलाइन संकेतस्थळावरच्या छोट्या स्पर्धांचा शेवट याच आकड्यांवर होत असे. पूर्ण खेळाचे अचूक उत्तर काढणे त्यांना शक्य नव्हते, झाड फारच मोठे होते. म्हणून त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: एका खेळाडूने ठरवले की मी फक्त ऑल-इन करीन किंवा पत्ते टाकीन, आणि समोरच्याला मात्र काहीही करायची मोकळीक दिली, तर पहिल्याचे किती नुकसान होईल? उत्तर आले: स्पर्धा जिंकण्याची शक्यता सर्वोत्तम खेळापेक्षा जास्तीत जास्त 1.4 टक्के-अंकांनी कमी. या कामात त्यांनी ह्यू एव्हरेट यांच्या 1957 च्या एका सिद्धांताचा आधार घेतला. समांतर विश्वांच्या कल्पनेमुळे भौतिकशास्त्रात नाव झालेले तेच हे एव्हरेट.

मला हा निबंध या विषयातला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो 'ऑल-इन उत्तम' असे म्हणत नाही. या आकड्यांवर ऑल-इनमुळे होणारा तोटा अमुकपेक्षा जास्त नाही, एवढेच तो म्हणतो.

एक डाव जवळून

दोघे उरले की वाटणारा छोटा ब्लाइंड ठेवतो आणि फ्लॉपआधी तोच पहिल्यांदा बोलतो; फ्लॉपनंतर तो शेवटी बोलतो. समजा त्याच्याकडे 3,000 चिप्स आहेत, समोरच्याकडे 5,000. त्याने 300 ठेवले, समोरच्याने 600. त्याच्या हातात इस्पिकचा राजा आणि किलवरची पंजी.

पत्ते टाकले तर त्याच्याकडे 2,700 राहतात. ऑल-इन केले आणि समोरच्याने पत्ते टाकले तर 3,600 होतात. समोरच्याने पाहिले, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून आव्हान स्वीकारले, आणि वाटणारा जिंकला तर 6,000, हरला तर त्याची स्पर्धा संपली. आता सगळ्यात वाईट धरू: समोरचा काहीही हातात आले तरी बघतोच. मग ऑल-इन परवडायला जिंकण्याची शक्यता 45 टक्क्यांहून जास्त हवी, कारण 6,000 चे 45 टक्के म्हणजेच 2,700. राजा-पंजी, वेगवेगळ्या रंगाचे, कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे 53 टक्के वेळा जिंकतात. म्हणजे सरासरी 3,200 च्या आसपास हाती येतात. समोरचा निम्म्या वेळा पत्ते टाकणारा असेल तर लागणारी शक्यता 30 टक्क्यांवर उतरते. डोळे झाकून पुढे सारण्यासारखा हा हात आहे, आणि तरीही घरच्या टेबलावर तो नेमाने टाकला जातो, कारण पंजी 'फालतू' दिसते.

आता समोरच्याच्या खुर्चीत बसू. त्याला आणखी 2,400 घालून 6,000 चा पॉट मिळवायचा आहे. 40 टक्के शक्यता असली तरी पुरे. तीन पत्तीवर हात बसलेल्यांची इथे गल्लत होते. तीन पत्तीत दोघे उरले की 'शो' मागायचा, आणि जे हातात आहे तेच अखेरचे. होल्डममध्ये फ्लॉपआधी ऑल-इन झाले तर पाच पत्ते अजून उघडायचे असतात, आणि दोघांचे चारही पत्ते माहीत असले तरी ते पाच पत्ते 17,12,304 प्रकारे येऊ शकतात. त्यामुळे कमकुवत हात दिसतो तितका कमकुवत नसतो. दोन खालचे पत्ते दोन वरच्या पत्त्यांविरुद्ध सुमारे 35 ते 37 टक्के वेळा जिंकतात. छोटी जोडी दोन वरच्या पत्त्यांविरुद्ध निम्म्याहून थोडी जास्त. खरी पंचाईत होते ती एकच मोठा पत्ता दोघांकडे असला की: एक्का-राजासमोर एक्का-राणी चारांतून एकदाच निसटते.

तक्ता मानणारे

पहिली बाजू म्हणते: दहा मोठ्या ब्लाइंडच्या खाली गेलात की तक्ता पाठ करा आणि तोच खेळा. दोन पत्त्यांचे 169 प्रकार आहेत, प्रत्येकापुढे एक आकडा लिहिलेला असतो. आपल्याकडचे ब्लाइंड त्याहून कमी असतील तर ऑल-इन. कोणतीही जोडी, कोणताही एक्का वीस ब्लाइंडपर्यंतही चालतो; वेगवेगळ्या रंगांचे राजा-पंजी सुमारे चौदापर्यंत.

ज्यांना तक्ता जड वाटतो त्यांच्यासाठी ली जोन्स आणि जेम्स किटॉक यांनी बोटांवर मोजता येईल अशी एक रीत दिली. मोठ्या पत्त्याची दुप्पट करा, त्यात छोटा मिळवा. जोडी असेल तर 22 जास्त, एकाच रंगाचे असतील तर 2 जास्त. एक्क्याचे पंधरा धरा. पाच ब्लाइंड उरले असताना बेरीज 24 आली तर पुढे सारा, आणि समोरच्याने सारले असेल तर 28 आल्यावर बघा. नव्वी-सत्तीची बेरीज 25: ती घेऊन हल्ला करावा, पण हल्ला झेलू नये. दश्शी-अठ्ठीची बरोबर 28: ती झेलण्यापुरती झाली. पुढे सारायला कमी आणि बघायला जास्त का लागते? सारणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचा पत्ते टाकतो किंवा आपण उघड्या पत्त्यांवर जिंकतो. बघणाऱ्याला दुसराच रस्ता उरतो.

तक्त्यातल्या काही नोंदी चमत्कारिक वाटतात, आणि त्यांवरूनच कळते की तो अंदाजपंचे केलेला नाही. एकाच रंगाची पंजी-तिर्री सुमारे तेरा ते चार ब्लाइंडपर्यंत सारायची, त्याखाली टाकायची, आणि अडीचच्या खाली गेल्यावर पुन्हा सारायची. चिप्स बऱ्या असल्या की समोरचा सहज बघत नाही, म्हणून थाप लागू पडते. चार-तीन ब्लाइंडवर तो जवळजवळ सगळे बघतो, म्हणून लागू पडत नाही. आणि अडीचखाली पॉटमध्ये आधीच इतके पडलेले असते की टाकणे परवडत नाही.

या बाजूची खरी ताकद अशी की तिला समोरचा कोण आहे हे माहीत असण्याची गरज नाही. समोरचा कितीही तरबेज असला तरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नुकसान तो करू शकत नाही.

आधी फ्लॉप पाहू म्हणणारे

दुसरी बाजू तक्त्याचे गणित नाकारत नाही. तिचा आक्षेप असा की तक्ता ज्या खेळाचे उत्तर देतो तो खेळ आपण खेळत नाही. तिथे दोनच चाली आहेत, खऱ्या टेबलावर तिसरी आणि चौथीही आहे: नुसता मोठ्या ब्लाइंडइतका भरणा करून फ्लॉप बघणे, ज्याला लिंप म्हणतात, किंवा थोडेसे वाढवणे. छोट्या ब्लाइंडवाला फ्लॉपनंतर शेवटी बोलतो, हा त्याचा मोठा फायदा ऑल-इन केल्यावर वाया जातो.

2015 च्या आसपास घरच्या संगणकावर चालणारी सॉल्व्हर नावाची साधने आली आणि या बाजूला बळ मिळाले. दहा-बारा ब्लाइंडवर सॉल्व्हरचा समतोल छोट्या ब्लाइंडवरून भरपूर लिंप करतो, चांगल्या हातांनीसुद्धा. लिंप फक्त कच्च्या हातांनीच होऊ लागले तर समोरचा लगेच ऑल-इन करून झोडपेल, म्हणून त्यात एक्के-जोड्याही दडवून ठेवाव्या लागतात.

पण हाच युक्तिवाद पाच ब्लाइंडवर आणला की लंगडा पडतो. वरच्या डावात 300 आणखी घालून लिंप केले तर पॉट 1,200 आणि मागे उरले 2,400, म्हणजे दोन पॉटपुरते. फ्लॉपवर आपल्या दोन वेगळ्या पत्त्यांपैकी एखाद्याची जोडी जुळण्याचा योग तीनात एकदाच येतो. उरलेल्या दोन वेळा आपण पाचांतला एक ब्लाइंड घालवून, अधिक अडचणीच्या जागी, तोच निर्णय घ्यायला बसतो. मिल्टरसन-सॉरेन्सन यांची मर्यादा इथे लिंपवाल्यांना फार वाव ठेवत नाही: सगळी कारागिरी मिळून 1.4 टक्के-अंक.

उलट तक्तावाले त्याच निबंधाचा दाखला पंधरा ब्लाइंडवर देतात, तेव्हा तेही मर्यादा ओलांडतात. त्या स्पर्धेत कमी चिप्सवाल्याकडे पावणेसातपेक्षा जास्त ब्लाइंड कधीच नव्हते. त्यापुढच्या खोलीबद्दल, म्हणजे याहून जास्त ब्लाइंड हाती असतानाबद्दल, निबंधाने शब्द दिलेला नाही. माझ्या मते निम्मा वाद इथे मिटतो. दोन्ही बाजू आपापल्या खोलीवर बरोबर आहेत, आणि बोलताना खोली सांगायची राहून जाते.

संगणकाच्या गाजलेल्या विजयांनीही गोंधळ वाढवला. 2015 मध्ये मर्यादित बोलीचे दोघांचे होल्डम जवळपास पूर्ण सुटल्याचे जाहीर झाले. जानेवारी 2017 मध्ये नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांच्या लिब्रेटस या प्रणालीने पिट्सबर्गला चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवले. तिचा सूक्ष्म, गुंतागुंतीचा खेळ पाहून अनेकांनी ऑल-इनला अडाणी ठरवले. पण तिथे दर डावाला दोघांकडे 200 मोठे ब्लाइंड नव्याने मांडले जात. कार्ल्याच्या पाच ब्लाइंडशी त्याची तुलना होत नाही.

समोरच्याला वाचणारे

तिसरी बाजू जुनी आणि बहुधा सर्वांत मोठी. ती म्हणते: समतोल हा समतोल खेळणाऱ्यासाठी, समोर माझा आतेभाऊ बसला आहे आणि तो काय करतो ते मला माहीत आहे.

हिला मन लावून ऐकायला हवे, कारण तिच्याकडेही पक्के आकडे आहेत. वरच्याच डावात समोरचा चारपैकी तीनदाहून जास्त वेळा पत्ते टाकणारा असेल, तर हातातले पत्ते न बघता ऑल-इन करावे. 3,600 चे 75 टक्के म्हणजे 2,700. त्यापुढे जे मिळेल तो नफा, उघड्या पत्त्यांवर एकदाही जिंकलो नाही तरी. उलट समोरचा सगळेच बघणारा असेल तर थाप बंद. सत्ती-दुर्री कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध 35 टक्क्यांच्या आतबाहेरच राहते, आणि गरज 45 ची आहे. तक्ता या दोन्ही माणसांसमोर सारखाच खेळतो. त्यात तो तोट्यात जात नाही, पण मिळण्यासारखे बरेच सोडून देतो.

अडचण पुराव्याची आहे. दोघे उरल्यावर छोटी स्पर्धा दहा-पंधरा डावांत संपते. एवढ्यात समोरचा चारातून तीनदा टाकतो की दोनदा, हे कळणार कसे? त्याआधीच्या दीड तासातली त्याची वागणूक आठ जणांच्या टेबलावरची असते, दोघांच्या टेबलावर माणूस वेगळा खेळतो. त्यामुळे वाचन म्हणून जे सांगितले जाते त्यात पूर्वग्रह किती आणि निरीक्षण किती, हे वेगळे करणे अवघड असते. जे लोक वर्षानुवर्षे त्याच गटात खेळतात त्यांच्या बाबतीत मी हा आक्षेप मागे घेईन.

तिघे असताना वेगळे, दोघे असताना वेगळे

बक्षिसे दोन-तीन असतील तर तिघे उरलेले असताना चिप्सची किंमत सरळ रेषेत चालत नाही. दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट बक्षीस नव्हे, आणि बाहेर पडणे फार महाग पडते. हे मोजायला डेव्हिड हार्व्हिल यांचे 1973 चे, घोड्यांच्या शर्यतीतले क्रम काढण्याचे सूत्र मेसन मालमुथ यांनी 1987 मध्ये पोकरला लावले. आज त्याला आयसीएम म्हणतात. तिघांच्या ऑल-इन-फोल्ड खेळाचा जवळपास समतोल सॅम गँझफ्रीड आणि सँडहोम यांनी 2008 मध्ये काढला.

दोघे उरले की हे ओझे उतरते. दुसरे बक्षीस दोघांचेही पक्के, झगडा फक्त फरकाचा, आणि 8,000 पैकी 3,000 म्हणजे साडेसदतीस टक्के, इतके साधे. कार्ल्याच्या 'जिंकेल तो पहिला' स्पर्धेत तर पहिल्या डावापासून हेच लागू. तिघे असतानाचा जपून खेळ दोघे झाल्यावरही तसाच चालू ठेवणे ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्या बाजूने कोणत्याही पक्षाने गणित मांडलेले मला माहीत नाही.

कौशल्य की नशीब, आणि कायदा

दोघेही तक्ता बिनचूक खेळले तर जिंकण्याची शक्यता जवळपास चिप्सच्या प्रमाणात राहते, बाकी सारे पत्त्यांवर. मग याला कौशल्याचा खेळ म्हणायचे का?

स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी 2010 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा अभ्यास केला. आधीच कसलेले म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना सरासरी 30 टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला, इतरांना उणे 15 टक्के. पोकरमध्ये कौशल्य आहे याचा हा भक्कम पुरावा. पण त्या स्पर्धांच्या पातळ्या लांब असतात, बहुतेक निर्णय खोल चिप्सवर होतात. बारा मिनिटांच्या पातळ्यांच्या स्पर्धेला तो निष्कर्ष तसाच चिकटवता येणार नाही.

आपल्या न्यायालयांत हा प्रश्न दुसऱ्या रस्त्याने आला. महाराष्ट्रात मूळ कायदा 1887 चा, जुगार प्रतिबंधाचा. कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम 5 तिथे सापडणाऱ्यासाठी, आणि कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. 'निव्वळ' म्हणजे नशिबाचा अंशही नको असे नव्हे, कौशल्याचा वाटा वरचढ हवा, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या चमारबागवाला प्रकरणांपासून रुजवला. 1968 च्या सत्यनारायण प्रकरणात रमी कौशल्याची ठरली आणि तीन पत्त्यांचा खेळ नशिबाच्या बाजूला ठेवला गेला. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याचा दर्जा मिळाला.

पोकरबाबत मात्र राज्याराज्यांत वेगळे सूर आहेत. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने पोकरला नाव घेऊन जुगारातून वगळले. नागालँडने 2016 मध्ये कौशल्याच्या ऑनलाइन खेळांत ते घातले. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये कौशल्याचा खेळ म्हणून पोकरला परवान्याची गरज नाही अशी भूमिका घेतली. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते जुगारात मोडते असे ठरवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये नुसत्या शंकेवरून परवानगी नाकारता येणार नाही असे सांगितले. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी अमलात आला नाही, आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यामुळे आपल्याकडचे पैशाने खेळणारे गोव्यातल्या मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटी गाठतात. 1 फेब्रुवारी 2020 पासून तिथे खुद्द गोवेकरांना मात्र मज्जाव आहे.

22 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली, कौशल्य की नशीब हा भेद न पाहता. पोकरची मोठी देशी संकेतस्थळे त्याच महिन्यात पैशाचे खेळ थांबवून मोकळी झाली. कायद्याविरुद्धच्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

पोकरला कौशल्य म्हणणारे आणि नशीब म्हणणारे, या दोन्ही बाजूंच्या मांडणीत मला एक उणीव जाणवते. पोकर म्हणजे एकच ठोस वस्तू आहे असे धरून चर्चा होते. पण कौशल्याचा वाटा खेळाच्या नावावर नाही, चिप्सच्या खोलीवर आणि ब्लाइंडच्या घड्याळावर अवलंबून असतो. त्याच आठ जणांनी त्याच 8,000 चिप्सवर वीस-वीस मिनिटांच्या पातळ्या ठेवल्या तर दोघे उरताना ब्लाइंड कदाचित 100-200 असतील, कमी चिप्सवाल्याकडे वीस ब्लाइंडपर्यंत असू शकतील आणि तक्ता अपुरा पडेल.

काय सुटलेले नाही

सात-आठ मोठ्या ब्लाइंडच्या खाली ऑल-इन-फोल्ड जवळपास निर्दोष आहे, याबद्दल आता जाणकारांत मतभेद उरलेला नाही. पंचवीस-तीसच्या वर ते चूक आहे, यावरही एकमत आहे. मधला पट्टा उघडा आहे. सॉल्व्हर तिथे उत्तर देतो, पण ते उत्तर 'हा हात अमुक टक्के वेळा लिंप, अमुक टक्के वेळा वाढव' असे असते. माणसाला ते तसे पाळता येत नाही, तो सोपे करून घेतो. या सोपेपणाची किंमत किती, याला 1.4 सारखा एक ठाम, सिद्ध केलेला आकडा बारा किंवा पंधरा ब्लाइंडसाठी हवा आहे.

दुसरा प्रश्न अँटीचा, म्हणजे ब्लाइंडखेरीज दर डावाला पॉटमध्ये पडणाऱ्या सक्तीच्या रकमेचा. हल्ली मोठ्या स्पर्धांत मोठ्या ब्लाइंडवालाच सगळ्यांची अँटी भरतो. पॉट फुगतो, ऑल-इनचे आकडे सैल होतात, आणि बिनअँटीचा जुना तक्ता तिथे चालवला तर खेळाडू गरजेपेक्षा जास्त पत्ते टाकत बसतो. घरच्या स्पर्धेत अँटी नसते, म्हणून गोव्यासाठी छापलेला तक्ता कार्ल्यात उलट्या बाजूने चुकतो.

तिसरा प्रश्न माणसांचा. साध्या, हौशी खेळाडूंपैकी किती जण ऑल-इनसमोर किती वेळा पत्ते टाकतात, यावर समोरच्याला वाचणाऱ्यांचा सगळा डोलारा उभा आहे. ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाची नोंद आपोआप राही. देशी संकेतस्थळे थांबल्याने आपल्याकडच्या खेळाडूंची ती नोंद आता थांबली आहे. घरच्या टेबलावर ती हाताने ठेवता येते. वहीत तीन रकाने पुरतात: कमी चिप्सवाल्याकडे किती मोठे ब्लाइंड होते, ऑल-इन कोणी केले, आणि समोरच्याने पाहिले की टाकले. त्याच गटाने हंगामभर असे केले तरी 75 टक्क्यांची ती रेघ त्यांच्यातले कोण ओलांडते, एवढे तरी नक्की दिसेल.